नेत्याचे व्यक्तिमत्त्व आणि नोकरशाहीचे राजकारण : १९७१ च्या बांगलादेश प्रश्नातील वॉशिंग्टन आणि दिल्ली

प्रस्तावना

आंतरराष्ट्रीय राजकारणाविषयी लिहिताना 'अमेरिकेने ठरविले', 'भारताने नकार दिला', 'चीनने इशारा दिला' अशी वाक्यरचना आपण सहजपणे करतो. राष्ट्र म्हणजे एक मन आणि एक इच्छा असलेली व्यक्ती होय, हे या वाक्यरचनेत गृहीत असते. वर्गात शिकविताना ही सोय उपयोगी पडते, परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला ती फार काळ परवडत नाही. निर्णय राष्ट्र घेत नाही. खुर्चीवर बसलेली माणसे घेतात. ती एकमेकांशी भांडतात, एकमेकांपासून कागद लपवितात आणि पुष्कळदा एकमेकांच्या नकळत परस्परविरोधी आदेश काढतात.

या वास्तवाची शास्त्रशुद्ध मांडणी ग्रॅहम ॲलिसन यांनी प्रथम १९६९ मधील एका लेखात आणि नंतर १९७१ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात केली. ऑक्टोबर १९६२ मधील क्यूबा क्षेपणास्त्र संघर्ष हे त्यांचे उदाहरण होते. एकाच घटनेकडे त्यांनी तीन प्रतिमानांतून पाहिले : विवेकी कर्त्याचे प्रतिमान, संघटनात्मक प्रक्रियेचे प्रतिमान आणि नोकरशाहीच्या राजकारणाचे प्रतिमान. तिसऱ्या प्रतिमानाचा गाभा असा की, परराष्ट्र धोरणविषयक निर्णय हा विचारपूर्वक केलेल्या निवडीपेक्षा विविध पदाधिकाऱ्यांतील रस्सीखेचीचा परिणाम असतो, आणि माणूस कोणत्या खुर्चीवर बसला आहे यावरून त्याचे मत बहुधा ओळखता येते.

आपल्या विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत ॲलिसन आले ते क्यूबाला सोबत घेऊन, आणि अद्याप ते दोघे विलग झालेले नाहीत. विद्यार्थी केनेडींच्या तेरा दिवसांची हकीकत तोंडपाठ सांगतो. मात्र हेच प्रतिमान आपल्या उंबरठ्याशी घडलेल्या एखाद्या घटनेला लावून दाखव, असे म्हटले की तो गप्प होतो. वास्तविक १९७१ चा बांगलादेश प्रश्न या दृष्टीने क्यूबाइतकाच, किंबहुना अधिक बोलका आहे. वॉशिंग्टनमधील त्या वर्षाचे कागद व ध्वनिफिती मोठ्या प्रमाणावर खुल्या झाल्या आहेत, दिल्लीतील परमेश्वर नारायण हक्सर यांचे खासगी दप्तर अभ्यासकांनी वापरले आहे, आणि एकाच प्रश्नावर दोन राजधान्यांत दोन भिन्न स्वभावांच्या नेत्यांनी आपापली नोकरशाही कशी वापरली याची तुलना तेथे शक्य आहे. प्रस्तुत लेखात तेवढाच प्रयत्न केला आहे. युद्धाचा लष्करी इतिहास हा त्याचा विषय नाही.

प्रतिमानातील एक रिकामी जागा

ॲलिसन यांच्या मांडणीवर सर्वांत मर्मभेदी आक्षेप स्टीफन क्रास्नर यांनी १९७२ मध्ये घेतला. त्यांचा मुद्दा असा : रस्सीखेच होते हे खरे, परंतु दोर कोणाच्या हाती द्यायचा हे अध्यक्षच ठरवितो. अधिकाऱ्यांची निवड तोच करतो, कोणाचे ऐकायचे आणि कोणाला दाराबाहेर बसवायचे हेही तोच ठरवितो. म्हणून सारा दोष यंत्रणेवर टाकला की नेता मोकळा सुटतो आणि त्याला जाब विचारण्याचा नागरिकांचा अधिकार निरर्थक ठरतो. हा आक्षेप केवळ तात्त्विक नाही. पूर्व पाकिस्तानात १९७१ मध्ये जे घडले त्याविषयी वॉशिंग्टनची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाचे उत्तर आपण कोणते प्रतिमान स्वीकारतो त्यावर अवलंबून राहते.

नेत्याचा स्वभाव आणि सल्लागारांची रचना यांचा संबंध पुढे रिचर्ड टॅनर जॉन्सन यांनी १९७४ मध्ये आणि अलेक्झांडर जॉर्ज यांनी १९८० मध्ये अधिक तपशिलाने मांडला. औपचारिक, स्पर्धात्मक आणि सहकारी अशा तीन पद्धती त्यांनी कल्पिल्या. फ्रँकलिन रूझवेल्ट हे स्पर्धात्मक पद्धतीचे, केनेडी हे सहकारी पद्धतीचे, तर आयझेनहॉवर आणि निक्सन हे औपचारिक पद्धतीचे उदाहरण म्हणून दिले जाते. निक्सन यांच्यापुरते हे वर्गीकरण मला अपुरे वाटते. कागदावरील तक्ता औपचारिक होता यात शंका नाही. त्या तक्त्यामागे जे चालले होते त्याला औपचारिक म्हणणे मात्र धाडसाचे आहे.

निक्सन : स्वभाव आणि यंत्रणा

रिचर्ड निक्सन आठ वर्षे उपाध्यक्ष होते. १९६० मध्ये केनेडींकडून आणि १९६२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत असे दोन मोठे पराभव पचवून ते १९६८ मध्ये अध्यक्षपदी निवडून आले. बुद्धी तल्लख, जागतिक राजकारणाचे वाचन दांडगे, परंतु वृत्ती एकलकोंडी आणि संशयी. समोरासमोरचा मतभेद त्यांना सहन होत नसे. टेबलाभोवती दहा माणसे वाद घालीत आहेत आणि आपण मध्ये बसून निवाडा देत आहोत, ही कल्पनाच त्यांना नकोशी होती. ते टिपणे वाचीत, पिवळ्या कागदांवर स्वतः नोंदी करीत आणि निर्णय समासात लिहून खाली पाठवीत. परराष्ट्र खाते म्हणजे पूर्व किनाऱ्यावरील उच्चभ्रू, उदारमतवादी आणि आपल्याला कमी लेखणाऱ्या मंडळींचा अड्डा आहे, अशी त्यांची पक्की समजूत होती.

या स्वभावाला साजेशी यंत्रणा त्यांनी पदग्रहणाच्या दिवशीच उभी केली. २० जानेवारी १९६९ च्या आदेशान्वये राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची पुनर्रचना झाली आणि खात्यांकडून येणारी प्रत्येक धोरणविषयक टिपणी अध्यक्षांपर्यंत जाण्यापूर्वी हेन्री किसिंजर यांच्या अध्यक्षतेखालील समितीतून जाईल अशी व्यवस्था झाली. संकटकाळासाठी त्याच वर्षी आणखी एक विशेष कृतिगट स्थापन झाला. त्याचेही अध्यक्ष किसिंजरच. परराष्ट्रमंत्रिपदी विल्यम रॉजर्स हे निक्सन यांचे जुने वकील मित्र नेमले गेले. परराष्ट्र व्यवहाराचा त्यांना फारसा अनुभव नव्हता. तो नव्हता म्हणूनच ते नेमले गेले असावेत, असे म्हणावयास पुष्कळ जागा आहे.

किसिंजर यांची भूमिका येथे केवळ दुय्यम नाही. हार्वर्डमध्ये असतानाच त्यांनी नोकरशाही ही कल्पक राजनीतीच्या मार्गातील धोंड असल्याचे लिहिले होते. अध्यक्षाला स्वभावामुळे खाते नको होते, सल्लागाराला सिद्धान्तामुळे नको होते, आणि शिवाय सत्तेच्या स्पर्धेतही त्याला रॉजर्स नको होते. तीन कारणे एका जागी जुळली. आपल्याकडे असे योग जुळले की अनर्थ होतो असे जुनी माणसे म्हणत. येथे चीनशी संबंध जुळले आणि ढाक्यात अनर्थ झाला, दोन्ही एकाच वर्षी.

ढाक्याची तार

७ डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत पूर्व पाकिस्तानातील १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० जागा अवामी लीगने जिंकल्या आणि तीनशे जागांच्या सभागृहात तिला निर्विवाद बहुमत मिळाले. सत्तांतराच्या वाटाघाटी फिसकटल्या आणि २५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कत्तल आरंभिली. ढाक्यातील अमेरिकन महावाणिज्यदूत आर्चर ब्लड आणि त्यांचे सहकारी हे सारे प्रत्यक्ष पाहत होते आणि रोज कळवीत होते. वरून उत्तर येत नव्हते. अखेर ६ एप्रिल रोजी वीस अमेरिकन अधिकाऱ्यांच्या सह्यांची तार वॉशिंग्टनला गेली. आपले शासन लोकशाहीच्या दडपशाहीचा आणि अत्याचारांचा निषेध करण्यात अपयशी ठरले आहे, असे तीत स्पष्ट शब्दांत नमूद होते. ब्लड यांनी स्वतःचा पाठिंबा जोडून ती पाठविली. वॉशिंग्टनमधील दक्षिण आशिया विभागाच्या काही अधिकाऱ्यांनीही तिला दुजोरा दिला. दिल्लीतील राजदूत केनेथ कीटिंग हे निक्सन यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे माजी सिनेटर. तेही याच मताचे होते.

'खुर्चीवरून मत ओळखावे' हे सूत्र येथे लावून पाहण्याजोगे आहे. ढाका आणि दिल्ली येथील अधिकाऱ्यांचे मत त्यांच्या खुर्चीशी सुसंगत होते असे कोणी म्हणेल, आणि किसिंजर यांनी नेमके तेच म्हटले : राजदूत ज्या देशात राहतात त्या देशाचेच वकील होतात. परंतु हेच सूत्र इस्लामाबादमधील राजदूत जोसेफ फारलँड यांना लावले तर निराळे चित्र दिसते. फारलँड यांचे महत्त्व त्यांच्या पदामुळे वाढले नाही. मे महिन्यात किसिंजर यांनी त्यांना गुपचूप कॅलिफोर्नियात बोलावून घेतले आणि स्वतःच्या खात्याला वगळून थेट व्हाइट हाउसशी संपर्क ठेवण्याची सोय करून दिली, त्यामुळे ते वाढले. तिघेही अमेरिकेचेच प्रतिनिधी, कीटिंग आणि फारलँड यांचा तर दर्जाही एकच. एकाचा शब्द कपाटात गेला, एक पदावरून परत बोलावला गेला आणि एकाचा शब्द अध्यक्षांच्या टेबलावर पोहोचला. खुर्चीची किंमत खुर्चीत नव्हती. ती अध्यक्षांच्या मर्जीत होती. ॲलिसन यांच्या प्रतिमानातील रिकामी जागा हीच होय.

मौनाचे कारण काय होते? २७ एप्रिल रोजी वॉशिंग्टनमधील पाकिस्तानी राजदूत आगा हिलाली यांनी चौ एन-लाय यांचा निरोप किसिंजर यांच्याकडे पोहोचविला. अमेरिकन दूताचे पेकिंगमध्ये स्वागत होईल असा त्याचा आशय होता. दुसऱ्याच दिवशी, २८ एप्रिलला, किसिंजर यांनी पाकिस्तानविषयक तीन पर्याय अध्यक्षांपुढे ठेवले. निक्सन यांनी याह्याखानांना राजकीय तोडग्यासाठी सहाय्य करण्याचा तिसरा पर्याय निवडला आणि खाली स्वतःच्या हाताने सर्वांना बजावले की, या घडीला याह्यांवर दडपण आणू नये. ज्या अधिकाऱ्यांना ही सूचना पाळावयाची होती त्यांपैकी जवळजवळ कोणालाही तिचे खरे कारण ठाऊक नव्हते. ९ जुलैला किसिंजर पोटदुखीचे निमित्त करून रावळपिंडीहून पेकिंगला गेले. रॉजर्स यांना या प्रवासाची कल्पना अगदी शेवटच्या टप्प्यावर देण्यात आली. त्याआधी दोनच दिवस किसिंजर दिल्लीत होते आणि त्यांनी भारतीय नेत्यांशी निर्वासितांविषयी गंभीर चर्चा केली होती.

कारण न सांगता आज्ञा केली की नोकरशाही आपले जुने वळण सोडीत नाही. शस्त्रपुरवठ्याच्या बाबतीत हे स्पष्ट दिसते. एप्रिलच्या आरंभी परराष्ट्र खात्याने स्वतःच्या अधिकारात पाकिस्तानला द्यावयाच्या शस्त्रांचे नवे परवाने रोखून धरले. अध्यक्षांनी असा आदेश दिलेला नव्हता. मात्र आधीच दिलेले परवाने वैध राहिले आणि त्यांवरचा माल बंदरांतून जात राहिला. जूनमध्ये परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंग वॉशिंग्टनला गेले आणि आश्वस्त होऊन परतले. त्यांच्या भेटीनंतर काही दिवसांतच, २२ जूनला, न्यूयॉर्क टाइम्सने पाकिस्तानी जहाजांतून लष्करी सामग्री रवाना होत असल्याची बातमी छापली. दिल्लीत याचा अर्थ 'विश्वासघात' असा घेतला गेला, आणि तो तसा घेतला जाणे स्वाभाविक होते. आज कागद पाहता हा एका कपटाचा भाग कमी आणि दोन विसंगत यंत्रणांचा परिणाम अधिक दिसतो : खात्याला पुरवठा थांबवायचा होता पण अधिकार नव्हता, अध्यक्षांना थांबवायचा नव्हता पण ते उघडपणे बोलत नव्हते. उरलेले परवाने नोव्हेंबरमध्ये रद्द झाले.

चीनचे कारण पुरेसे आहे काय?

येथे एक रास्त आक्षेप येतो. चीनशी संबंध जोडणे हे अमेरिकेचे फार मोठे हित होते. पाकिस्तान हा त्यासाठीचा पूल होता. पूल मोडू नये म्हणून निक्सन गप्प राहिले. मग व्यक्तिमत्त्वाचे कारण शोधण्याची गरजच काय? कोणीही विवेकी अध्यक्ष असेच वागला असता. किसिंजर यांच्या १९७९ च्या आत्मवृत्ताचा बचाव साधारणतः असाच आहे आणि तो सहजासहजी झटकून टाकता येत नाही.

या आक्षेपाची कसोटी घेण्याचा एक मार्ग उपलब्ध आहे. १५ जुलै १९७१ रोजी निक्सन यांनी चीनभेटीची घोषणा दूरचित्रवाणीवरून केली. त्या दिवसानंतर पाकिस्तानच्या मध्यस्थीची आवश्यकता उरली नाही. पेकिंगशी संपर्कासाठी अन्य मार्ग खुले झाले. पुलाचे कारण खरे असते तर जुलैनंतर पाकिस्तानकडील झुकाव सैल व्हावयास हवा होता. प्रत्यक्षात तो अधिक ताठर झाला आणि डिसेंबरात टोकाला गेला. यावर किसिंजर यांचे उत्तर तयार आहे : आपण मित्राला वाऱ्यावर सोडत नाही हे चीनला दिसणे आवश्यक होते. या उत्तरात तथ्य आहे, परंतु मग प्रश्न असा की, ही 'विश्वासार्हता' इतर कोणाला का दिसत नव्हती? परराष्ट्र खाते, गुप्तचर विश्लेषक, दिल्लीतील राजदूत, काँग्रेसमधील प्रमुख सभासद यांपैकी बहुतेकांना पाकिस्तानचे विभाजन अटळ वाटत होते आणि हरणाऱ्या पक्षाला चिकटून राहण्यात चीनलाही विशेष रस नाही असे दिसत होते. विवेकी कर्त्याच्या प्रतिमानाला येथे उत्तर सुचत नाही.

ध्वनिफितींत ते सापडते. फेब्रुवारी १९७१ पासून निक्सन यांच्या कार्यालयातील संभाषणे आपोआप मुद्रित होत होती. १९५३ मध्ये उपाध्यक्ष म्हणून उपखंडाच्या दौऱ्यावर आलेल्या निक्सन यांना नेहरू आवडले नाहीत आणि पाकिस्तानी सेनाधिकारी आवडले. १९६७ मध्ये सत्तेबाहेर असताना ते पुन्हा आले तेव्हा दिल्लीत थंड आणि पाकिस्तानात उबदार स्वागत झाले. हा हिशेब त्यांनी मनात जपून ठेवला होता. ४ आणि ५ नोव्हेंबर १९७१ ला इंदिरा गांधी वॉशिंग्टनमध्ये होत्या. दोन भेटींच्या मध्ये निक्सन आणि किसिंजर यांनी त्यांच्याविषयी आणि भारतीयांविषयी जी भाषा वापरली ती येथे उद्धृत करण्याजोगी नाही. अमेरिकन शासनाने २००५ मध्ये हे दस्तऐवज प्रकाशित केले तेव्हा किसिंजर यांनी खेद व्यक्त केला. मला त्या शिव्यांपेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते : त्या खोलीत विरोधी मत मांडणारा तिसरा माणूस नव्हता. द्वेष पुष्कळ नेत्यांना असतो. तो धोरणात उतरण्यापूर्वी कोणाच्या तरी टेबलावर अडावा म्हणून तर खाती असतात.

डिसेंबर : झाकलेल्या दाराची किंमत

३ डिसेंबरला पाकिस्तानी विमानांनी भारतीय विमानतळांवर हल्ले केले. त्याच दिवशी विशेष कृतिगटाच्या बैठकीत किसिंजर यांनी अधिकाऱ्यांना सुनावले की, आपण भारताविरुद्ध पुरेसे कठोर नाही म्हणून अध्यक्ष दर अर्ध्या तासाला आपल्याला फैलावर घेत आहेत आणि त्यांना पाकिस्तानकडे झुकलेले धोरण हवे आहे. या बैठकीचे इतिवृत्त वाचताना जाणवते ते असे की, धोरणाची चर्चा तेथे होतच नाही. मर्जी कळविली जाते आणि अधिकारी ती अंमलात कशी येणार याविषयी सावधपणे प्रश्न विचारतात. दुसऱ्या दिवशी परराष्ट्र खात्याच्याच एका ज्येष्ठ अधिकाऱ्याला भारताला जबाबदार धरणारे निवेदन पत्रकारांपुढे करावे लागले.

पुढील दोन आठवड्यांत काय काय झाले! पाकिस्तानला अमेरिकन बनावटीची विमाने जॉर्डन आणि इराणमार्फत देण्याचा बेत झाला; तो बेकायदेशीर असल्याचे खात्यांनी सांगूनही तो पुढे रेटण्यात आला. १० डिसेंबरला किसिंजर न्यूयॉर्कमध्ये चीनचे प्रतिनिधी हुआंग हुआ यांना भेटले आणि चीनने सीमेवर हालचाल केल्यास अमेरिका पाठीशी राहील असे सूचित केले. त्याच दिवशी विमानवाहू नौका 'एंटरप्राइज' आणि तिचा ताफा बंगालच्या उपसागराकडे निघाला. पश्चिम पाकिस्तानही मोडण्याचा इंदिरा गांधींचा मनसुबा आहे, असे सांगणारा एक गुप्त अहवाल निक्सन यांच्या हाती होता. खात्यातील विश्लेषकांना तो तितका निर्णायक वाटत नव्हता. बंद खोलीत मात्र तो वेदवाक्य ठरला. चीन हलला नाही. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली आणि दुसऱ्या दिवशी पश्चिम आघाडीवरही भारताने एकतर्फी युद्धबंदी केली.

या प्रकरणाचा शेवट अभ्यासकाने चुकवू नये असा आहे. बैठकींची इतिवृत्ते पत्रकार जॅक अँडरसन यांच्या हाती लागली आणि डिसेंबरच्या मध्यापासून वृत्तपत्रांत झळकू लागली. त्यांना १९७२ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. कागद कोठून फुटले याचा तपास करताना निराळेच सत्य बाहेर आले. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेतील लष्करी संपर्क कार्यालयात काम करणारा नौदलाचा एक लिपिक किसिंजर यांच्या गुप्त कागदांच्या प्रती काढून वर्षभर सेनाप्रमुखांच्या मंडळाकडे पोहोचवीत होता. अँडरसन यांना कागद दिल्याचे त्याने नाकारले, परंतु हे नाकारले नाही. योगायोगाने तो पूर्वी दिल्लीतील अमेरिकन दूतावासात कामाला होता. अध्यक्ष आपल्याला काहीच सांगत नाहीत, म्हणून देशाचे सेनाधिकारी स्वतःच्याच अध्यक्षांवर पाळत ठेवीत होते! २१ डिसेंबरला निक्सन यांना हे कळले. त्यांनी खटला भरला नाही. मंडळाचे अध्यक्ष ॲडमिरल थॉमस मूरर यांची १९७२ मध्ये त्याच पदावर फेरनियुक्तीही झाली. नोकरशाहीला वगळून नोकरशाहीचे राजकारण संपविता येईल ही निक्सन यांची समजूत होती. राजकारण संपले नाही. बैठकीतून उठून ते चोरपावलांनी जिन्याखाली गेले.

दिल्ली : बंद दार, पण आत वाद

इंदिरा गांधींचा स्वभाव निक्सन यांच्याहून फार वेगळा होता असे मानण्याचे कारण नाही. त्याही मितभाषी, सहसा मन न उघडणाऱ्या आणि संशयी होत्या. पक्षातील ज्येष्ठांनी आपल्याला बाहुली समजून पदावर बसविले याचा विसर त्यांना पडला नव्हता. १९६९ ची फूट ही त्याचीच परिणती होय. त्यांनीही निर्णयकेंद्र मंत्रालयांतून काढून आपल्या सचिवालयात आणले. १९६७ पासून हक्सर हे त्या सचिवालयाचे केंद्र होते. सप्टेंबर १९६८ मध्ये रामनाथ काव यांच्या नेतृत्वाखाली परदेशी हेरगिरीसाठी स्वतंत्र संघटना उभी राहिली. परराष्ट्र सचिव त्रिलोकीनाथ कौल, मॉस्कोहून परतलेले दुर्गाप्रसाद धर, अर्थतज्ज्ञ पृथ्वीनाथ धर ही सारी त्याच वर्तुळातील माणसे. परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंग, संरक्षणमंत्री जगजीवनराम आणि अर्थमंत्री यशवंतराव चव्हाण हे राजकीय व्यवहार समितीत होते. निर्वासितांचा खर्च भागविणे चव्हाणांच्या वाट्याला आले. भारत सरकारच्या गणनेनुसार निर्वासितांची संख्या एक कोटीच्या घरात पोहोचली होती आणि १५ नोव्हेंबर १९७१ पासून आपण टाकलेल्या प्रत्येक पत्रावर पाच पैशांचे अधिक तिकीट लावावे लागत होते. परंतु धोरणाची दिशा प्रामुख्याने सचिवालयातून ठरत होती.

म्हणजे रचना पुष्कळशी सारखीच. तरीही निष्पत्ती वेगळी का झाली? माझ्या मते फरक सल्लागाराशी असलेल्या नात्यात आहे. हक्सर हे प्रधानमंत्र्यांच्या भावनेला शब्द पुरविणारे लेखनिक नव्हते; त्या भावनेला ते लगाम घालीत. एप्रिल-मे १९७१ मध्ये संसदेत, वृत्तपत्रांत आणि जनसंघापासून डाव्यांपर्यंत बांगलादेशला तात्काळ मान्यता देण्याची मागणी जोरात होती. संरक्षण अभ्यास संस्थेचे के. सुब्रह्मण्यम यांच्यासारखे जाणकारही त्वरित हस्तक्षेपाचा आग्रह धरीत होते. विरोधी नेत्यांशी बोलताना मान्यतेची घाई का नको हे सांगण्यासाठी हक्सर यांनी मुद्दे तयार करून दिले. दुर्गाप्रसाद धरही मॉस्कोहून संयमाचाच सल्ला देत होते. ९ ऑगस्टला सोव्हिएत संघाशी करार झाला, शरद ऋतूत प्रधानमंत्र्यांनी पाश्चात्त्य राजधान्यांचा दौरा केला आणि मान्यता दिली गेली ती ६ डिसेंबरला, युद्ध सुरू झाल्यावर.

येथे जनरल माणेकशा यांच्या प्रसिद्ध कथेचा उल्लेख करणे भाग आहे. एप्रिलमधील मंत्रिमंडळाच्या बैठकीत प्रधानमंत्र्यांना तत्काळ चढाई हवी होती आणि आपण ठाम नकार देऊन राजीनाम्याची तयारी दाखविली, असे ते पुढे सांगत. आपल्या मराठी वाचकांत ही कथा फार लोकप्रिय आहे. श्रीनाथ राघवन यांनी २०१३ च्या ग्रंथात आणि चंद्रशेखर दासगुप्ता यांनी २०२१ च्या ग्रंथात समकालीन कागदांच्या आधारे तिच्याविषयी शंका उपस्थित केली आहे : प्रधानमंत्री आणि त्यांचे सल्लागार त्या वेळी तत्काळ युद्धाच्या विचारातच नव्हते. मला हे मत पटते. लोककथेला एक धैर्यवान सेनापती आणि एक उतावीळ नेता हवा असतो. दप्तरात दिसते ते कमी नाट्यमय असले तरी अधिक शिकण्याजोगे आहे : लष्कर, राजनय, हेरखाते आणि सचिवालय यांची मते बऱ्याच अंशी एका दिशेने गेली, कारण ती मांडण्यास वाव होता आणि ऐकणाऱ्या व्यक्तीला दीर्घकाळ गप्प बसून ऐकण्याची सवय होती. इंदिरा गांधींचे मौन ही पक्षांतर्गत राजकारणात अनेकांना भीतीदायक वाटणारी गोष्ट. १९७१ मध्ये तीच राज्यकारभाराची शक्ती ठरली.

तथापि यशाने दोष झाकले जातात. दिल्लीची ही व्यवस्था संस्थेवर उभी नव्हती. तिचा आधार होता तो एका नेत्याचा एका सचिवावरील विश्वास. ढाक्यातील विजयानंतर हा विश्वास ओसरू लागला. जुलै १९७२ च्या सिमला वाटाघाटींत दुर्गाप्रसाद धर आजारी पडल्यावर हक्सर यांनीच भारताची बाजू सांभाळली, हे त्यांचे शेवटचे मोठे काम. संजय गांधी यांच्या मोटार प्रकल्पाविषयी त्यांनी दाखविलेली नापसंती घरात रुचली नाही आणि १९७३ मध्ये ते सचिवालयातून बाहेर पडले. त्यांच्या जागी आलेले पृथ्वीनाथ धर विद्वान आणि सभ्य होते, पण निर्णयाचे केंद्र एव्हाना सचिवालयातून प्रधानमंत्र्यांच्या निवासस्थानी सरकले होते. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीच्या घोषणेवर राष्ट्रपतींची सही झाली. मंत्रिमंडळाला ही वार्ता दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या बैठकीत कळली. हक्सर त्या वेळी योजना भवनात, नियोजन मंडळाच्या उपाध्यक्षपदी होते.